ज्या लग्नाकडे कोणी पाहायचं नव्हतं

माझ्या थोरल्या बहिणीला, यमुनाबाईला,

तू जाऊन वर्ष होत आलं. इतक्या दिवसांत तुला पत्र लिहावं असं कधी वाटलं नाही. लिहिण्यासारखं होतं काय? वांगी किडकी निघाली, तुझ्या लेकीच्या, लताच्या सासूचा गुडघा सुजला, असलं सगळं मी येता-जाता तुझ्या फोटोला सांगून मोकळी होते. पण काल जे झालं ते उभ्या उभ्या सांगून भागणार नाही. काल भाऊजींनी तुमचं लग्न भर सभेत उघड केलं. आणि मी त्याची साक्ष दिली. घाईनं लिहिते आहे, तेव्हा अक्षर वाकडं आलं तर आलं.

तुला वाचता येत नव्हतं, म्हणून लिहिताना मोठ्यानं वाचते आहे. ऐक. पेन हातात आलं की माझी भाषा बदलते, हे तुला ठाऊकच आहे. मी शाळेची पायरी चढले नाही, भाऊजींच्या शिळ्या पेपरांवर बोट फिरवून वाचायला शिकले, म्हणून जे लिहिते ते पेपरासारखंच उतरतं. "कमल, तू बोलते आपल्यासारखी अन् लिहिते मास्तरणीसारखी," असं तू म्हणायचीस. आता मास्तरणीचंच ऐकून घे.

सुरुवातही पेपरानंच झाली. बातमी होती की लग्न, फारकत, दत्तक, वारसा, असे घराघरातले कायदे आजच्या काळाला धरून सोपे करायचे आहेत, आणि त्याआधी लोकांना विचारायचं आहे. सरकारनं नेमलेली माणसं गावोगाव बसणार, ज्याला बोलायचं त्यानं यावं. आपल्याकडची बैठक सिविक सेंटरजवळच्या एका हॉलमध्ये. मी बातमी दोनदा वाचली. कायदा लोकांना विचारतो? माझ्या मनात कायदा म्हणजे जावई होता. तो येईल, पाटावर बसेल, आपण वाढायचं. भाजीत मीठ किती घालू, असं तो आपल्याला कशाला विचारेल?

भाऊजींना वाचून दाखवलं. म्हणजे ओरडून दाखवलं. नोकरीत ऐकलेले नंदिनीच्या खदानीतले सुरुंग त्यांच्या कानात अजून मुक्कामाला आहेत, आणि तू गेल्यापासून तर कानाचं यंत्रही डब्यातच असतं.

"कायदे सोपे करून राहिले म्हन्ते, भाऊजी. लग्नाचे."

"कोनाच्या लग्नाचे?"

"सगळ्यांच्या."

त्यांनी चहाची बशी खाली ठेवली. "आपल्याले तिकडे काई जायचं नाई. झाकली मूठ सव्वा लाखाची."

त्या दिवसापासून त्यांचं जेवण कमी झालं, बाई. मागच्या अंगणात बसायचे आणि भिंतीजवळच्या रुईकडे पाहत राहायचे. लतानं खोदून खोदून विचारलं तेव्हा पोटातलं बाहेर आलं. "नवा कायदा आला अन् त्यानं इचारलं, काडी मोडली त्याचा कागद कुठं, पाट लागला त्याचा कागद कुठं, तं मी काय दाखवू? यमुना माझी कोन? अन् तू कोनाची?"

लता हसली. "बाबा, माही पोरगी लग्नाले आली. आता मी कोनाची निघाली तं कोन वापस नेनार हाय मले?"

ते हसले नाहीत. मलाही हसू आलं नाही. तुझ्या नावापुढे काय लिहायचं, हा काटा तो माणूस जन्मभर टाचेत घेऊन चालला, हे मला तेव्हा कळलं.

तुला सांगायला नको, पण कागदावर एकदा उतरू दे. तुझं पहिलं लग्न दिवसाउजेडी, वाजत-गाजत झालं होतं. त्या माणसानं तुला दोन पावसाळे नांदवलं आणि माहेरी आणून सोडलं. मग पंच बसले. त्यांनी गवताची काडी मोडली, एक तुकडा त्याच्या हातात, एक तुझ्या हातात. संपलं. तू मोकळी, तो मोकळा. कागद नाही, शिक्का नाही, सगळा गाव काडीलाच मानत होता.

पुढे नंदिनीत नोकरीला लागलेले भाऊजी तुला मागायला आले आणि तुमचा पाट लागला; बाईच्या दुसऱ्या लग्नाला आपल्यात पाटच म्हणतात. आमगावकडच्या आपल्या खेड्यात लग्न उजेडात लागायचं, पाट मात्र अंधारात, उजाडायच्या आत, गोठ्यात. वाजंत्री नाही, अक्षता नाहीत. सवाष्णीनं तर तिकडे पाहायचंच नाही, पाहिलं तर तिचं कुंकू धोक्यात. आणि भाऊजी बिनलग्नाचे, म्हणून आधी त्यांचं लग्न रुईच्या झाडाशी लावलं. पहिली बायको रुई, मग तू दुसरी, म्हणजे जोड बरोबर झाली. कोणी शोधून काढलं असेल गं हे?

तू मात्र त्या रुईला जन्मभर सवत म्हणालीस. नंदिनीच्या क्वार्टरमागे एक रुई होती, उतईच्या वाटेवर घर बांधलं तिथंही एक उगवली. भाऊजी उपटायला गेले की तू आडवी यायचीस. "राहू द्या, थोरली हाय ते माझ्याहून." आणि भांडी धुतलेलं पाणी तिच्या बुडाशी ओतायचीस.

इतकी हसरी होतीस, मग लताच्या हळदीला का लपलीस? तो दिवस मी अजून विसरलेले नाही. अंगणात पोरीला हळद लागत होती आणि तू आत पुऱ्या लाटत होतीस. मी हात धरून ओढलं तर म्हणालीस, "राहू दे माय. मी पाटाची. तिच्या संसाराले माझा हात नको." कोणी तुला अडवलं नव्हतं, बाई. एका तोंडातून शब्द निघाला नव्हता. तूच स्वतःला आतून कडी घातलीस. याचा राग तू असताना केला नाही, आज करते आहे.

तर, कालचं. मी एकटीनं जायचं ठरवलं होतं. चप्पल घालते तर दारात भाऊजी उभे, इस्त्रीचा सदरा घालून, खांद्यावर दुपट्टा, कानात यंत्र नाहीच.

"तुले एकटीले ऑटोत कसं पाठवू? पन सांगून ठेवतो, मी बोलनार नाई. तू बी बोलू नको. ऐकून येऊ."

"तुमी ऐकनार?" मी म्हटलं.

"काय?"

"काई नाई. चाला."

हॉलमध्ये टेबलामागे तिघं बसली होती. मधे पिकल्या केसांच्या एक मॅडम, साधी सुती साडी, पुढ्यात थंड झालेला चहा. बाजूला एक पोरगी माईकवर येईल ते टाईप करत होती, आणि बाई, ते शब्द मागच्या भिंतीवर मोठे होऊन उमटत होते. माणूस बोलला की त्याचं बोलणं भिंतीवर. ज्यानं कधी पंचांपुढे तोंड उघडलं नाही त्याचंही. मी तोंड उघडं टाकून पाहत राहिले. अक्षरं मी पुष्कळ वाचली, पण आपल्यासारख्यांच्या तोंडातून निघून भिंतीवर चढलेली पहिल्यांदा पाहिली.

एक तरुण उठला, बहिणींना वाटा देताना किती कचेऱ्या हिंडाव्या लागतात ते त्यानं सांगितलं. एक म्हातारे उठले, म्हणाले, हमारे रिवाज को हाथ मत लगाना, बाप-दादाओं का है. माझी मान त्यांच्यासाठीही हलली. रिवाजानंच तर तुला काडी मोडून सोडवलं होतं, नाही का? त्याच रिवाजानं तुला गोठ्यात नेऊन अंधारात उभं केलं हेही खरं. मॅडमनी दोघांचं सारखंच ऐकलं. "लिख लिया, भैया." "लिख लिया, दादा." कोणाला खोडलं नाही, कोणाला शिकवलं नाही. कायदा म्हणजे वरून पडणारी गारपीट, असं समजत आले मी. तो खुर्चीवर बसून कान देतो, हे काल पाहिलं.

मग उतईची एक बाई उठली. पंचविशीची असेल, मनगटभर काचेच्या बांगड्या. इकडच्या छत्तीसगढी लोकांत चूरी पहिरावतात ना, तुझ्या पाटाची चुलत बहीणच ती. नवऱ्यानं चार माणसांत बांगड्या भरल्या की झाली बायको. ती म्हणाली, "मोर घरवाला मोला चूरी पहिराय रिहिस. अब कहिथे, कहां लिखाय हे?"

बांगड्या भरल्या त्यानंच, आणि आता तोच म्हणतो, कुठं लिहिलंय.

मॅडमनी विचारलं, "बेटी, उस समय वहाँ कोई था? किसी ने देखा?"

"सबो झन देखे हें. फेर कोनो बोलय नहीं."

सगळ्यांनी पाहिलं, पण कोणी बोलत नाही. माझ्या शेजारची खुर्ची करकरली. पाहते तर भाऊजी उभे. त्यांना ऐकू काय येणार? त्यांनी भिंतीवर वाचलं होतं.

मी सदरा धरून ओढला. "भाऊजी, बोलायचं नव्हतं नं?"

"सोड," म्हणाले, आणि माईकवाल्या पोरानं माईक आणायच्या आधीच खदानीच्या आवाजात सुरू झाले. "मैडम, मेरी भी औरत को ऐसाच पूछते. कहाँ लिखा है. कहीं नहीं लिखा है!"

पोरगा माईक तसाच मागे घेऊन गेला. गरजच नव्हती.

"पहले मेरी शादी आक के झाड़ से हुई."

आक म्हणजे आपली रुई; हॉल हसला. मॅडमही हसल्या, मग हात वर करून सगळ्यांना थांबवलं आणि भाऊजींना खुणेनं म्हणाल्या, सांगा. आणि बाई, भाऊजींनी सांगितलं. काडी सांगितली, रुई सांगितली, गोठा सांगितला. जे आपल्या घरात कधी मोठ्यानं बोललं गेलं नाही ते अख्ख्या सेक्टरला ऐकू जाईल असं सांगितलं. "यमुना उसका नाम. लड़की बड़ी की, घर बनाया, मेरे हाथ पे गई. मेरे को एकच पूछना है. आपका नया कायदा आएगा, तो वो मेरी कौन?"

माणसाचा आवाज असा फुटतो हे मी ऐकलं नव्हतं.

मॅडमनी पुढ्यातला चहा बाजूला सारला. मग बोलल्या ते भाऊजींना वाचता यावं म्हणून थांबत थांबत, पोरगी टाईप करेपर्यंत. "बाबा, कानून अभी बना नहीं है. मैं झूठा वचन नहीं दूँगी. इतना कह सकती हूँ कि रिवाज को आज भी माना जाता है, पर साबित करना पड़ता है, और उसी में लोग टूट जाते हैं. ये रास्ता आसान कैसे हो, यही पूछने निकले हैं. आपकी शादी का कोई गवाह है?"

भाऊजींनी भिंतीवरचा शेवटचा शब्द वाचला आणि खांदे पाडले. "कोई नहीं, मैडम. देखना मना था."

आता सांग, बाई, मी कशी बसून राहणार होते?

पाटाच्या पहाटे आपल्या काकूनं तुला उठवलं तेव्हा मी तुझ्याच पांघरुणात होते. बाकी सगळ्या बायका भिंतीकडे तोंड करून पडल्या होत्या. तू खाली वाकलीस आणि माझ्या कानात म्हणालीस, "चाल. तनशीच्या ढिगामागं बसजो. कोनीतरी पायलं पाह्यजे माय."

"माझं कुंकू जाईन नं?"

"तुले कुठचं कुंकू, शेंबडे? डोळे भरून पाहून घे. अन् वेळ आली तं सांगजो."

लिहिता येत नव्हतं तुला, वाचता येत नव्हतं. तरी पाहणारं कोणी नसलं तर उद्या आपण खोटे ठरू, एवढं तुला कुठून उमगलं? अख्खा गाव पाठ फिरवून उभा आणि तू एका शेंबड्या पोरीला हाताला धरून साक्षीला बसवलंस. आजवर मला वाटत होतं, अंधाराला भ्यायलीस म्हणून मला नेलंस. काल हॉलमध्ये उभी राहिले तेव्हा कळलं की तू भ्यायली नव्हतीस. तू पुढचं पाहत होतीस.

मग इतकी वर्षं मला बोलायला का लावलं नाहीस गं? हळदीच्या दिवशी नुसती मान हलवली असतीस तर मी अंगणात उभी राहून सांगितलं असतं.

असो. मी उठले आणि म्हणाले, "मैं थी, मैडम. मैं छोटी बहन. मैंने देखा."

भाऊजी भिंतीकडे पाहत होते. तिथं आधी "मैं थी" उमटलं. मग माझं पुढचं. गोठ्यातला भाताच्या तणशीचा ढीग, मिणमिणता कंदील, भाऊजींनी तुझ्या गळ्यात बांधलेली काळी पोत. "और पोत बाँधते समय पीछे से बैल ने इनका दुपट्टा मुँह में ले लिया. ये एक हाथ से दुपट्टा खींचते थे, एक हाथ से पोत पकड़ते थे."

भाऊजींनी ते अक्षर अक्षर वाचलं. ओठ हलत होते. बैलापाशी आले आणि गर्रकन माझ्याकडे वळले.

"तुले कसं मालूम?"

मी नुसतं डोळ्यांना बोट लावलं.

आता हॉल हसला नाही. आणि तेवढ्यात मागच्या रांगेतून एक बाई उठली, जाडजूड, हातात भाजीची पिशवी. आधी मला वाटलं निघाली. पण ती त्या उतईच्या पोरीकडे पाहत होती, आणि माईक नसतानाच म्हणाली, "महूं देखे हंव." मीही पाहिलं आहे. त्या पोरीनं वळून पाहिलं आणि तोंडावर दोन्ही हात धरले. बांगड्या कोपरापर्यंत घसरल्या. ही तिची शेजारीण निघाली. इतके दिवस पाहून गप्प होती.

मॅडमनी चष्मा काढून पुसला. मग टाईप करणाऱ्या पोरीला म्हणाल्या, "बाबा की बात पढ़ के दिखाओ, सही लिखी है क्या." भिंतीवर आलं, नामदेव और उनकी पत्नी यमुना, विवाह पाट के रिवाज से, गवाह कमल, पत्नी की छोटी बहन.

हा दाखला नाही, बाई, सरकारी शिक्का नाही. उद्या कायदा कसा येईल, येईल की नाही, कोणाला ठाऊक? मॅडमनीच सांगितलं. पण 'पत्नी' हा शब्द तुझ्या नावाला लागलेला भाऊजींनी पहिल्यांदा पाहिला, एवढा हाताएवढा. पुढचा माणूस बोलायला उभा राहिला, त्याचे शब्द येऊन तुमचं नाव वर सरकलं, तरी भाऊजी उभेच. ते दिसेनासं झालं तेव्हा कुठं बसले.

परतताना आम्ही ऑटोत होतो. चौकात सिग्नल लागला, आजूबाजूला गाड्याच गाड्या, ड्युटी सुटायची वेळ. भाऊजी एकदम म्हणाले, "तू पायलं नं? मंग एक सांग."

"काय?"

"मले तिचं तोंड दिसलं नव्हतं. पदर होता खाली ओढलेला. काकू म्हने, पाटाची नवरी रडतेच. मी तिले कधी इचारलं नाई, हिंमत नाई झाली." माझ्याकडे वळले. "रडत होती का ते?"

तुझं तोंड त्यांना दिसलं नव्हतं, मला दिसलं होतं. बैलानं दुपट्टा ओढला तेव्हा तू ढिगाकडे मान वळवली होतीस, पदराखालून.

मी त्यांच्या कानाशी गेले. "हसत होती."

"काय?"

"हसत होती, भाऊजी."

"जोरात बोल."

बाजूच्या स्कूटरवरची पोरं पाहायला लागली. ऑटोवाल्यानं इंजिन बंद केलं. आणि ज्या लग्नाकडे गावानं पाठ फिरवली होती, ज्याबद्दल आपण घरातही कुजबुजत आलो, त्याची गोष्ट मी भर चौकात गळा फाडून सांगितली. "यमुनाबाई हसत होती! तोंडात पदर धरून हसत होती!"

सिग्नल सुटला. मागून हॉर्न वाजायला लागले. ऑटोवाला हलेना. "अम्मा, बाबा ने सुन लिया क्या? चलूँ?"

भाऊजींनी ऐकलं होतं. ते बाहेर पाहत होते आणि त्यांचे खांदे हलत होते. मला वाटलं रडले. वाकून पाहिलं तर हसत होते, अगदी तुझ्यासारखे, तोंडाला दुपट्टा लावून. म्हणाले, "मले वाटे ते जन्मभर माझ्यासाठी हसू आनून राहिली. पयल्या दिवसापासून खरंच हसत होती म्हनजे?"

घरी आल्यावर त्यांनी बादली भरली आणि रुईला पाणी घातलं. रात्री दोन पोळ्या जेवले. आज सकाळी यंत्र डब्यातून काढून कानात घातलं, आणि लताला म्हणाले, मावशीले म्हन पेपर वाच, हळूच वाच.

तर बाई, मी तुला शब्द देते. कायद्याचा मसुदा पेपरात येईल त्या दिवशी भाऊजींना समोर बसवून ओळ न् ओळ वाचीन. त्यात काडीला आणि पाटाला, चूरीला आणि गप्प बसवलेल्या पोरींना जागा नसेल, तर मी पुन्हा जाईन आणि माईक मागेन. लताच्या पोरीच्या हळदीला पहिलं बोट तुझ्या नावानं मीच लावीन, अंगणात, सगळ्यांदेखत. आणि कोणी विचारलं, ही यमुना त्यांची कोण, तर मी आहे तोवर उत्तर द्यायला तुला उठावं लागणार नाही.

तनशीमागं अजून बसलेली,
तुझी शेंबडी
कमल